विदर्भाच्या अंगणातली सदाफुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वरूड-शेंदुरजनाघाट भागात रोपवाटिका म्हटली की संत्र्याची कलमं. त्यांच्या बाजूला एखाद्या वाफ्यात सदाफुलीची रोपं असतात. कलमं न्यायला आलेला माणूस गाडी भरून झाल्यावर म्हणतो, "हे पण दोन टाका." मग पोळ्याच्या आसपास फोन येतो: झाड मेलं. खालचे प्रश्न अशाच फोनांमधून, आठवडी बाजारातून आणि रोपवाटिकेच्या दारातून गोळा झालेले आहेत. उत्तरं विदर्भाच्या मातीपुरती आणि हवेपुरती समजावीत. पुण्याच्या गॅलरीत किंवा कोकणातल्या परसात यातलं बरंच बदलेल.

सदाफुली किती वर्षं टिकते?

झाड बहुवर्षायू, पण आयुष्य लहान. लावलेल्या वर्षी ते गच्च भरतं आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांत जास्त फुलतं. तिसऱ्या वर्षापासून बुडाशी खोड लाकडासारखं होतं, खालच्या फांद्या उघड्या पडतात आणि पानं-फुलं शेंड्यालाच उरतात. त्यापुढे जगलेली झाडंही दिसतात, बहुतेक पाराच्या किंवा जुन्या भिंतीच्या फटीतली. "आमच्याकडे वीस वर्षांपासून तीच सदाफुली आहे" असं सांगणाऱ्यांच्या अंगणात खरं तर बी पडून उगवलेल्या पुढच्या पिढ्या असतात, आईझाड केव्हाच गेलेलं असतं. म्हणून जुनं झाड वाचवायची धडपड करू नका. दरवर्षी दोन-चार नवी रोपं हाताशी ठेवा.

ऊन किती लागतं? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

जाऊ द्या. दिवसाला निदान ६ तास थेट ऊन पाहिजे, दिवसभर मिळालं तर उत्तमच. ही मूळची मादागास्कर बेटावरची, आणि रुई-कण्हेरीच्या कुळातली. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हातही मुळं पसरलेलं झाड तग धरतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पानं आतल्या बाजूला मिटलेली, उभी वळलेली दिसतील. तो पाणी वाचवायचा तिचा मार्ग आहे, संध्याकाळी पानं पुन्हा उघडतात. सावली फक्त नुकत्या लावलेल्या रोपाला द्यायची, तीही आठ-दहा दिवस. त्यासाठी पऱ्हाटीच्या चार काड्या खोचून वर जुनं पोतं टाकलं तरी पुरतं.

कडुनिंबाखाली किंवा पत्र्याच्या छपराच्या उत्तर बाजूला लावलेली सदाफुली मात्र उंच आणि लुकडी होते. तिला फुलं कमी येतात आणि पावसाळ्यात बुरशी पहिल्यांदा तिलाच धरते.

उन्हाळा सहज काढते, मग पावसाळ्यात का मरते?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सदाफुली विदर्भात उन्हाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते.

आपली काळी माती चिकणमातीची. पावसात ती फुगते, भेगा बंद होतात आणि पाणी दिवसेंदिवस धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही आणि अशा ओल्या मातीत फायटोफ्थोरा नावाची बुरशी वाढते. संत्रावाल्यांना हे नाव नवीन नाही. झाडाच्या बुडाशी डिंक्या आणणारी बुरशी ती हीच. सदाफुलीवर ती मुळातूनही येते आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीसोबत थेट फांद्यांवरही येते.

लक्षणं अशी असतात. आधी एकच फांदी मान टाकते. तिची पानं राखट हिरवी होतात आणि देठाजवळ खोडावर काळपट तपकिरी पट्टा दिसतो. बाकी झाड तेव्हा टवटवीत असतं, म्हणून दुर्लक्ष होतं. चार-सहा दिवसांत दुसरी फांदी जाते, मग सगळं झाड. माती ओली आणि झाड मात्र सुकलेलं, हे दिसलं की लोक आणखी पाणी घालतात. असं झाड उपटून बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत पांढरा दोरा उरला, तर मूळ कुजलं आहे. ते झाड वाचत नाही.

त्या झाडाला मातीसकट काढा आणि जाळून टाका. उकिरड्यावर टाकू नका, तेच खत पुढे वाफ्यात येतं. त्या जागी त्या हंगामात सदाफुली पुन्हा लावू नका. शेजारची झाडं निरोगी दिसत असतील तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत फवारता आणि बुडाशी ओतता येतं. संत्रा बागायतदारांच्या घरात ते बहुधा पडलेलंच असतं. पण पाणी साचायचं थांबलं नाही तर फवारणी म्हणजे वाया गेलेला खर्च.

काळ्या मातीत रेती मिसळली की झालं ना?

नाही. घमेलंभर रेती टाकून चिकणमाती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर ती जास्तच टणक होते. रेतीने फरक पडायचा तर ती मातीच्या निम्म्याने तरी लागते आणि तेवढी रेती आज कोणाला परवडते? त्यापेक्षा जागा उंच करा. जमिनीपासून निदान एक वीत उंच ओटा घ्या. खाली मुरूम किंवा फुटक्या विटा-कौलांचे तुकडे टाका, वर मुरमाड माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कडेला पाणी निघून जायला चारी हवीच. अंगणात पन्हाळीचं पाणी पडतं त्या रेषेत हा ओटा घेऊ नका.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पाऊस अकोला-बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट. तिकडे एक वीत पुरत नाही, हातभर उंची घ्या किंवा सरळ कुंडीत लावा. झाडीपट्टीत मुरमाड लाल माती सहज मिळते. त्या बाबतीत पश्चिमेकडच्या काळ्या मातीवाल्यांपेक्षा तुमचं काम सोपं आहे.

बी केव्हा टाकायचं?

दोन वेळा साधतात. पहिली, थंडी सरल्यावर महाशिवरात्र ते होळी. तेव्हा टाकलेल्या बियांची रोपं एप्रिलपर्यंत लावण्याजोगी होतात आणि मेच्या मध्याआधी मुळं धरतात. दुसरी वेळ पोळा झाल्यावर. पाऊस उतरणीला लागलेला असतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास रोप जमिनीत जातं. मला स्वतःला दुसरी वेळ जास्त पटते, कारण त्या रोपाला पहिला पावसाळा पाहायच्या आत आठ महिने मिळतात.

मृगाच्या पावसाबरोबर सदाफुली लावायची सवय मात्र मोडा. वावरातल्या पेरणीसाठी मृग ठीक आहे, या झाडासाठी ती सगळ्यांत धोक्याची वेळ.

बी टाकलं, पण उगवतच नाही.

बहुतेक वेळा बी उघडं राहिलेलं असतं. सदाफुलीच्या बियांना उगवायला अंधार लागतो. बी बारीक आणि काळं असतं. वाफ्यात किंवा ट्रेमध्ये टाकून त्यावर अर्धा सेंटीमीटर चाळलेली माती-खत पसरा. वरून ओलसर पोतं किंवा वर्तमानपत्र झाका आणि रोज उचलून पाहा. माती २५ अंशांच्या आसपास उबदार असेल तर आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिला कोंब दिसला की झाकण त्याच दिवशी काढायचं. एक दिवस जास्त राहिलं तर रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि आडवी पडतात.

पाणी हाताने शिंपडा, झारीची धार नको. कोवळी रोपं मातीच्या पातळीवर बारीक होऊन कोलमडायला लागली तर पाणी जास्त होतंय. चार-सहा पानांवर रोप आलं की पिशवीत हलवा, हलवताना मुळाभोवतीची माती फोडू नका. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. दाट लावलं की हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात एकाचा रोग सगळ्यांना होतो.

घरच्या झाडाचं बी कसं धरायचं?

फूल गळून गेल्यावर पानाच्या बगलेत पाहा. दोन बारीक शेंगा जोडीने उभ्या असतात, दोन-तीन सेंटीमीटर लांब, हिरव्या आणि किंचित लवदार. पिकत आल्या की त्या पिवळट होतात आणि एका बाजूने उभी शिवण दिसायला लागते. तेव्हाच तोडायच्या. आणखी एक कडक दुपार गेली की शिवण उकलते, बी खाली सांडतं आणि मुंग्या ओढून नेतात. घाई असेल तर जुन्या ओढणीचा पातळ तुकडा शेंगांवर सैल बांधून ठेवा.

तोडलेल्या शेंगा ताटलीत, घरात, कागदावर वाळवा. बी कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरतं. पुडीवर रंग आणि महिना लिहा. गुलाबी आणि पांढरी शेजारी लावली असतील तर पुढच्या पिढ्यांत गुलाबीच वाढत जाते. पांढरी जपायची असेल तर ती घराच्या दुसऱ्या बाजूला लावा.

फांदीपासून होते का?

होते. न फुललेल्या, अर्धवट पिकलेल्या फांदीचा बोटभर शेंडा कापा, खालची पानं आणि कळ्या काढा. चीक वाळू द्या आणि ओल्या रेतीत खोचा. सावलीत तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. विकतच्या हायब्रीडचा रंग जसाच्या तसा हवा असेल तर हाच मार्ग. बियांपासून तो तसाच येत नाही.

पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच आहेत. युरिया देऊ का?

नका. ही नत्राची कमतरता नाही. नत्र कमी असलं तर खालची जुनी पानं शिरांसकट सगळी पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांची जाळी, हे लोहाचं लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याचं पान आठवा, चित्र तेच.

मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबट-खारेपणाचं माप) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, आणि सदाफुलीला साडेपाच-सहाच्या जवळची, किंचित आम्लधर्मी माती आवडते. सामू वर गेला की लोह मातीत अडकून बसतं आणि मुळाला उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी रोज घातलं की भर पडते.

तातडीचा उपाय म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट). लिटरभर पाण्यात २-३ ग्रॅम विरघळवा, अर्धं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजंच वापरायचं, ठेवून तांबूस झालेलं उपयोगाचं नाही. फरशीवर किंवा पांढऱ्या भिंतीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून झाड कुंडीत असेल तर आधी ते अंगणाच्या मध्ये सरकवा. मातीतून द्यायचं तर चुनखडीच्या जमिनीत साधं हिराकस लगेच बाद होतं. तिथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह टिकतं. महाग असतं, पण दोन-चार झाडांना चिमूटभर लागतं. कायमचा उपाय म्हणजे दरवर्षी भरपूर कुजलेलं खत आणि जमेल तेवढं पावसाचं पाणी.

चुलीची राख मात्र या झाडाला टाकू नका. राख सामू आणखी वर नेते. घरोघरी हे चालतं, आणि पिवळी सदाफुली जास्तीत जास्त त्याच घरी दिसते.

खत कोणतं आणि किती?

लावताना ओंजळभर शेणखत आणि पुढे वर्षातून दोनदा तेवढंच, पावसाळा संपल्यावर आणि होळीला. शेतासाठी आणलेल्या डीएपीच्या पोत्यातली मूठ झाडाला टाकायचा मोह टाळा. जास्त स्फुरदाने लोह आणखी अडकतं. युरियाने पानं वाढतात, फुलं नाहीत, आणि तशी लुसलुशीत फांदी पावसाळ्यात आधी सडते.

पाणी किती दिवसांनी द्यायचं?

दिवस मोजू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या. जमिनीतल्या जुन्या झाडाला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी दिलं तरी चालतं. गावात नळ आठवड्यातून एकदा येत असेल तर हे झाड तुमच्यासाठीच आहे. पाणी सकाळी, बुडाशी. पानांवर नको.

बुडाशी सोयाबीनचं कुटार किंवा वाळला पाला पसरला तर ओल टिकते. पण खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि मृग लागायच्या आधी सगळं काढून घ्या.

आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. जमेल का?

पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारं आणि जमीनही पाणी मुरू न देणारी, म्हणजे सदाफुलीच्या दोन्ही अडचणी एकत्र. थोडा खारटपणा ती सोसते, न निचरणारी जमीन सोसत नाही. जमिनीत लावूच नका. कुंडीत बाहेरून आणलेली मुरमाड माती घ्या, पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा आणि निदान आठवड्यातलं एक पाणी त्यातलं द्या. खालच्या भोकातून पाणी वाहून जाईल इतकं द्यायचं, म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतात. पानांच्या कडा करपायला लागल्या तर क्षार वाढलेत असं समजा.

कुंडी नाही, रंगाचा रिकामा डबा चालेल का?

चालतो. खाली खिळ्याने बारीक भोकं पाडून भागत नाही, बोट जाईल अशी चार-पाच भोकं हवीत. पत्र्याचा डबा मे महिन्यात इतका तापतो की कडेची मुळं भाजतात, म्हणून त्याला बाहेरून पोतं गुंडाळा किंवा दोन विटांच्या आडोशाला ठेवा. नवी सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाणी भरून, बदलून धुऊन घ्या. त्यातला चुना पाण्यासोबत मातीत उतरतो आणि मग पानं पुन्हा पिवळी. आठ-दहा इंची कुंडीत एकच झाड.

छाटणी करायची की नाही? सुकलेली फुलं खुडायची का?

फुलं खुडायची गरज नाही, पाकळ्या आपोआप गळतात. छाटणी मात्र जरूर करा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतात. मोठं झाड वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, एक तृतीयांश कापा. पार बुडाच्या लाकडापर्यंत कापलं तर फूट येईलच असं नाही. कात्री रोगट झाडाला लावली असेल तर दुसऱ्याला लावण्याआधी धुवा. चीक हाताला लागतो, काहींना खाज येते.

हिवाळ्यात फुलं थांबली, पानं पिवळी-जांभळी झाली.

रात्रीचा पारा १० च्या खाली गेला की होणारच. नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत हे दरवर्षी दिसतं. पाणी कमी करा, खत देऊ नका, कापू नका. फेब्रुवारीत ती स्वतःच फुटते.

फुलं हिरवी आली, पानं एकदम बारीक आणि गुच्छागुच्छाने येतात. ही नवी जात आहे का?

नाही, हा रोग आहे. फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. पाकळीच्या जागी हिरवं पान येतं, एकेका पेरातून झाडूसारखे फुटवे निघतात. जगभरच्या प्रयोगशाळांत फायटोप्लाझ्माचा अभ्यास सदाफुलीवरच करतात, इतकी ती याला पटकन बळी पडते. औषध नाही. दिसायला मजेशीर वाटतं म्हणून ठेवू नका, उपटा. त्या झाडाची फांदीही लावू नका, रोग सोबत येतो.

एका रात्रीत झाड ओरबाडलं गेलं. बकरी तर आली नव्हती.

झाडाखाली काळ्या-हिरव्या जाडसर लेंड्या पडल्यात का पाहा. असतील तर वर कुठेतरी बोटाएवढी जाड हिरवी अळी देठाला धरून बसलेली सापडेल, पुढच्या बाजूला दोन निळसर-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीकडे आखूड शिंग. कण्हेर आणि तगरीवर येणारी मोठ्या पतंगाची अळी ती. डिवचलं की डोकं आत ओढते आणि ते खोटे डोळे फुगवते. चावत नाही. एखाद-दुसरीच असते. उचलून कण्हेरीवर सोडा, फवारणी कशाला? झाड दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतं.

फांद्यांच्या बगलेत पांढरा कापूस दिसतो.

पिठ्या ढेकूण. कपाशीवर येतो त्याच गोतावळ्यातला. जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा. जास्त असेल तर निंबोळी तेल, संध्याकाळी. मुंग्यांची रांग आधी तोडा, त्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

वावरात फवारणी झाली आणि अंगणातली पानं वाकडी झाली.

टू-फोर-डीसारखं तणनाशक वाऱ्याने आलं असणार. शेंडे पिळवटतात, पानं अरुंद होतात. वाकडा भाग कापून टाका आणि वाट पाहा, हलका मारा असेल तर नवी पानं सरळ येतात. तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यातूनच फुलझाडांवर औषध मारलं तरी हेच होतं.

बकऱ्या खातात का?

चव कडू, म्हणून सहसा तोंड लावत नाहीत. ज्या गावात बकऱ्या मोकळ्या फिरतात तिथे कुंपणाशिवाय टिकणाऱ्या मोजक्या फुलझाडांत ही आहे. पण झाड विषारी आहे. छाटलेल्या फांद्या कडब्याच्या कुट्टीत जाऊ देऊ नका, बारीक झालेला पाला जनावराला वेगळा काढता येत नाही. रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर.

शुगरसाठी रोज सकाळी पाच पानं चावतात. खावीत का?

खाऊ नका. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गावोगावी हे चालतं आणि सांगणारे आपलेच असतात.

शुगरवर सदाफुली हा समज फक्त आपल्याकडचा नाही. जमैकातही लोक तिचा काढा घेत. १९५२ मध्ये तिथून काही पानं कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली, ती तपासायलाच. उंदरांना अर्क दिला तर रक्तातली साखर काही नीट उतरली नाही, पण उंदीर संसर्गाने मरायला लागले. कारण शोधलं तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप घटल्या होत्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्या पानांतून व्हिनब्लास्टिन हे पेशींची वाढ रोखणारं द्रव्य वेगळं केलं आणि १९५८ मध्ये जाहीर केलं. पुढे व्हिनक्रिस्टिन सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात.

म्हणजे ज्या पानाने शुगर उतरेल म्हणून आपण चावतो, त्यात पेशींची वाढ रोखणारी द्रव्यं आहेत. दवाखान्यात ती शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात आणि दर वेळी रक्त तपासतात. झाडावरच्या पानात कोणतं द्रव्य किती, हे पानागणिक बदलतं. शुगरच्या गोळ्या चालू असताना वरून हे खाल्लं तर काय होईल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, कारण तुम्ही त्याला सांगितलेलंच नसतं. गरोदर बाईने तर हात लावू नये. आजवर खात असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं सांगा.

कॅन्सरचं औषध निघतं, तर शेती करून पैसा होईल?

एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, म्हणजे पानाला भाव किती मिळणार ते ओळखा. मुळांतून अजमालिसिन निघतं, रक्तदाबाशी संबंधित औषधांसाठी, आणि मुळांनाही खरेदीदार असतात. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेने ‘निर्मल’, ‘धवल’ अशा औषधी जाती काढल्या आहेत. पण दर मंगळवारच्या बाजारात हा माल कोणी घेत नाही. खरेदीदाराचा लेखी करार हातात नसताना एक एकरही लावू नका. आधी रोपं विकून ‘माल आम्हीच उचलू’ म्हणणाऱ्याला त्याने गेल्या वर्षी कोणाचा माल उचलला ते विचारा, आणि त्या शेतकऱ्याला जाऊन भेटा.

मग निदान फुलं विकता येतील?

नाही. तोडल्यावर पाकळ्या दुपारपर्यंत मलूल होतात, देठ जवळजवळ नसतोच. बाजारासाठी झेंडू, शेवंती किंवा गलांडा लावा. गलांडाही असाच उन्हाचा आणि थोड्या आयुष्याचा, हार-तोरणात चालतो. सदाफुलीचा पैसा झालाच तर रोपांतून होतो.

देवाला वाहतात का?

आमच्याकडे सर्रास वाहतात. सकाळची परडी जवळजवळ बारा महिने भरणारं दुसरं झाड गरिबाच्या अंगणात कोणतं आहे? कोणाच्या घरी चालत नसेल तर त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं, रोपवाटिकेवाल्याला नको.

मधमाश्यांसाठी लावायची आहे.

मग दुसरं काही लावा. फुलाची नळी लांब आणि तोंडाशी इतकी अरुंद की मधमाशीची जीभ रसापर्यंत पोचत नाही. फुलपाखरं आणि पतंग येतात. मधमाश्यांना तुळस द्या.

हायब्रीड घ्यावी की गावरान?

शहरातल्या नर्सरीत मिळणारी हायब्रीड बुटकी, मोठ्या फुलांची, लाल-केशरी-जांभळ्या रंगांची. कुंडीत शोभते. त्यातली ‘कोरा’ ही मालिका फायटोफ्थोराला तोंड देईल अशी मुद्दाम तयार केलेली आहे, पावसाळी भागात तिचा खरंच उपयोग होतो. बाकीच्या बहुतेक हायब्रीड एका पावसाळ्याच्या मानाव्यात. गावरान गुलाबी किंवा लाल डोळ्याची पांढरी दिसायला साधी, पण बी धरते, आपली आपण उगवते, आणि शेजारीण फुकट देते. नवख्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. रोप मागायचंच तर फटीत उगवलेलं मागा, ओल्या मातीतून बोटाने हळूच उचललं की मुळासकट येतं. उचलल्यावर संध्याकाळच्या आत लावून टाका.